एकच गुडघा

ईलिंग, लंडन
गुरुवार, ५ जून २०२५

कस्तुरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून बाबाला फोन लावायला निघाली असशील, तर थांब. कुणी गेलेलं नाही. मी शाबूत आहे, आणि तुझा बाबा अजूनही रोज फोन करून "आत्या, हीटिंग लावलंस का?" असं विचारतो. जून महिन्यात.

तुझ्याकडे काम आहे. मंडळाच्या गणपतीत तीस ऑगस्टला, शनिवारी, माझं कीर्तन आहे. या हॉलमधलं एकतिसावं. गेल्या वर्षी सुदाम्याचं आख्यान लावलं होतं. पहिल्या रांगेतली पोरं माना खाली घालून इतकी तल्लीन झाली होती की मला भरून आलं. नंतर कळलं, मांडीवर फोन होते. प्रसाद घेताना त्यातली सिया, वय वर्षं नऊ, मला म्हणाली, "आजी, तुझ्या इंद्राकडे वज्र आहे आणि थॉरकडे हॅमर आहे. फाइट झाली तर हू विन्स?"

मी तिच्या हातावर आणखी एक मोदक ठेवला. बावन्न वर्षं या देशात राहतेय, दर गुरुवारी उपास करतेय, आणि इथला गुरुवार, थर्सडे, त्या थॉरच्या नावाचा आहे हे मला नऊ वर्षांच्या पोरीने सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्या वाराला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि त्याची साधी ओळखही करून घेतली नाही. शेजाऱ्याशी असं वागलेलं मला चालत नाही, आणि हा तर देव.

तेव्हा यंदा पूर्वरंग आपल्या गणपतीचा आणि उत्तररंगात आख्यान थॉरचं. तू शाळेत व्हायकिंग्ज शिकत होतीस तेव्हा वर्षभर दुसरं काही बोलत नव्हतीस. तुझ्या पुठ्ठ्याच्या हातोड्याला पेढ्यांच्या खोक्यातला चंदेरी कागद मीच चिकटवून दिला होता. ते स्मरून मला त्याच्या गोष्टी लिहून पाठव. हाताने, मराठीत, पोस्टाने. व्हॉट्सअॅपवर पाठवलंस तर मी उघडणार नाही. कार्डिफला नोकरी लागल्यापासून तुझं मराठी "आजी कशी आहेस, मी ठीक आहे" एवढ्यावर आलंय.

आणि त्याच्या नावावरून विनोद करू नकोस. आमचा अध्यक्ष यशोधन तो तीनदा करून बसलाय.

नीनाआजी


कार्डिफ
१४ जून

प्रिय नीनाआजी,

हा पत्र लिहायला तीन दिवस लागले. पहिला ड्राफ्ट मी फाडला कारण त्यात फक्त इंग्लिश होता. प्लीज हसू नकोस. हसलीस तर मला सांगू नकोस.

थॉर. लाल दाढी, भयंकर राग, भयंकर भूक. तुझ्यासारखा, दाढी सोडून. त्याचा हातोडा बुटक्या लोकांनी बनवला, पण बनवताना एक माशी मध्ये आली आणि हँडल छोटा राहिला. जगातला बेस्ट वेपन आणि हँडल छोटा! तरी तो तोच घेऊन फिरतो, कधी कम्प्लेंट नाही. त्याच्या गाडीला दोन बकरे आहेत. भूक लागली की तो त्यांना खातो, हाडं नीट कातड्यावर ठेवतो, सकाळी हातोडा फिरवतो आणि बकरे उठतात. एकदा एका राक्षसाने हातोडा चोरला आणि म्हणाला, मला देवी बायको म्हणून पाहिजे, मग देतो. तर थॉर स्वतः नवरीचा ड्रेस घालून गेला आणि रिसेप्शनमध्ये एक अख्खा बैल खाल्ला.

पण माझा फेव्हरेट गोष्ट वेगळा आहे. थॉर राक्षसांच्या राजाच्या किल्ल्यात जातो. राजा म्हणतो, तीन गोष्टी करून दाखव. एक: हा शिंगाचा पेला पिऊन संपव. थॉर तीन घोट घेतो, पेला भरलेलाच. दोन: माझं मांजर उचल. तो सगळी ताकद लावतो, मांजराचा फक्त एक पाय वर येतो. तीन: माझ्या म्हाताऱ्या दाईशी कुस्ती खेळ. ती जागची हलत नाही, आणि शेवटी थॉर एका गुडघ्यावर येतो. सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी राजा खरं सांगतो. पेल्याचं टोक समुद्रात होतं. मांजर म्हणजे पृथ्वीला वेढा घालून बसलेला साप. आणि ती म्हातारी म्हणजे म्हातारपण.

सो तो तिन्ही हरला. मला लहानपणी खूप रडू आलं होतं, आठवतं?

मी ठीक आहे. तीच एल्डर्ली वॉर्ड. फिजिओ म्हणून माझा जॉब एकच आहे, कुणाला पडू द्यायचं नाही. दिवसभर मी "प्लीज सिट डाऊन, मिस्टर प्रिचर्ड" म्हणते आणि मिस्टर प्रिचर्ड उभे राहतात.

तुझी कस्तुरी


ईलिंग
२४ जून

कस्तुरी,

हसले. सांगितलं. पत्र नपुंसकलिंगी, गोष्ट स्त्रीलिंगी, आणि थॉर पुल्लिंगी, नवरीच्या शालूत नसतो तेव्हा. पण पत्र झकास. तीनदा वाचलं.

आता भांडते. तो हरला कुठे? अख्ख्या समुद्राला तोंड लावून तीन घोट प्यायला. पृथ्वी वेढून बसलेल्या सापाचा पाय जमिनीवरून उचलला. आणि म्हातारपणाशी कुस्ती खेळून एकच गुडघा टेकला. एकच! मी आमच्या हॉलमधले बघते ना, साठी उलटली की म्हातारपणाने नुसतं बोट लावलं तरी आडवे होतात. राक्षसांचा राजा नंतर त्याला काय म्हणाला ते तू लिहिलं नाहीस. मी लायब्ररीत जाऊन शोधलं. तो म्हणाला, तुझ्यात इतकं बळ आहे हे ठाऊक असतं तर तुला दाराच्या आत घेतलं नसतं. घाबरला होता मेला. हे माझं आख्यान. ठरलं.

यशोधनला सांगितलं तर त्याचा चेहरा बकऱ्यासारखा झाला. "नीनाताई, गणपतीसमोर मांसाहारी देव?" मी म्हटलं, तो स्वतःचेच बकरे खातो आणि सकाळी परत उठवतो, तुझ्या बार्बेक्यूत तेवढीही सोय नसते. दुसरं म्हणाला, "या वेळी बसून केलंत तरी चालेल, खुर्ची ठेवतो." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. आमचे अण्णा, तुझे पणजोबा, मला काय शिकवून गेले? वाईच्या देवळात ते कीर्तन करत आणि मी मागे झांज धरून उभी असे. नारदाच्या गादीवर माणूस उभा राहतो. बसून सांगतात ते प्रवचन.

गंमत सांगते. शेजारच्या मॅगीचं पिवळं मांजर माझ्या ओट्यावर येऊन बसतं. परवा उचलायला गेले तर हात मागे-पुढे व्हायला लागला आणि मांजर हलेना. म्हटलं, बाई, हेच ते जगाला वेढा घातलेलं. एक पाय उचलला आणि सोडून दिलं. मांजराला काही वाटलं नाही.

नीनाआजी


कार्डिफ
५ जुलै

प्रिय नीनाआजी,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं.

काल मी तुझी पत्रं टेबलवर ठेवली, एका लाइनमध्ये. जानेवारीतलं माझं बर्थडे कार्ड, जूनचं पहिलं पत्र, जूनचं दुसरं. आजी, तुझं अक्षर लहान होतंय. कार्डवर एका ओळीत सात शब्द आहेत. दुसऱ्या पत्रात चौदा. आणि प्रत्येक ओळ सुरू होताना मोठी आहे आणि शेवटी मुंगीएवढी. आणि मांजराची गंमत मला गंमत वाटली नाही.

मी रोज हे बघते, म्हणून विचारते. तुला हिंगाचा वास येतो का? डबा उघडून बघ, लगेच. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतो का? फोनवर लोक तुला "काय म्हणालीस?" विचारतात का? कीर्तनाचा आवाज आधीसारखा मागच्या रांगेपर्यंत जातो?

प्लीज रागावू नकोस. प्लीज डॉक्टरकडे जा, तुझ्या जीपीकडे. मी येऊ का?

कस्तुरी


ईलिंग
९ जुलै

कस्तुरी,

हिंगाचा वास दोन वर्षांपूर्वी गेला. मला वाटलं डबा जुना झाला. नवीन आणला. मग वाटलं हल्ली कंपनीच भेसळ करते.

जीपीकडे मी फेब्रुवारीतच गेले, तुझ्या आधी. त्याने मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मोठ्या डॉक्टरने मला बोटांनी चुटक्या वाजवायला सांगितल्या, चालून दाखवायला सांगितलं, आणि नाव सांगितलं. पार्किन्सन्स. तेव्हापासून दिवसातून तीन वेळा गोळ्या घेते, वेळेवर. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की माणसं पुढची वाक्यं ठरलेलीच बोलतात. तुझा बाबा तर मला त्याच दिवशी रेडिंगला त्याच्या त्या एवढ्याशा बॉक्सरूममध्ये नेऊन ठेवेल आणि वर दिवसातून चारदा चहा विचारेल. मला माझ्या घरात मरायचंय आणि त्याआधी एकतिसावं कीर्तन करायचंय. एवढंच मागणं आहे. फार आहे का?

तू अक्षरावरून ओळखलंस याचा मला राग आला आणि कौतुकही वाटलं. कौतुक जरा कमी.

गणपती होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तुझ्या बाबाजवळ तर मुळीच नाही. माझी शपथ आहे.

नीनाआजी


ईलिंग
२६ जुलै

कस्तुरी,

तुझं उत्तर नाही, तेव्हा समजले. मी शपथ घालायच्या आधीच तू सांगून मोकळी झाली होतीस.

काल दुपारी तुझा बाबा आणि यशोधन दोघं आले. पेढे घेऊन. मोठी माणसं पेढे घेऊन एकदम दारात उभी राहिली की समजावं, आपल्याविषयी काहीतरी ठरलंय. विनयचे डोळे लाल होते, म्हणून त्याला आधी पाणी दिलं. यशोधनने खोकून सुरुवात केली. म्हणे समितीने एकमताने ठरवलंय की यंदा नीनाताईंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. तीस वर्षांच्या सेवेबद्दल. कीर्तनाच्या वेळात मुलांचा डान्स बसवलाय. मला स्टेजवर खुर्ची, हातांची, पाठीला उशी.

आपल्या लोकांना माणूस बाजूला सारायचा असला की ते शाल आणतात. अपमान केला तर भांडता येतं. सत्काराशी कसं भांडायचं? जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा प्रकार आहे हा.

"आत्या, तू पडलीस तर?" विनय सारखं तेच म्हणत होता. मी म्हटलं, पडले तर उठेन. तो म्हणाला, "आणि नाही उठलीस तर?" मी पेढा खाल्ला.

तुला माझ्या तोंडून ऐकायचंय म्हणून लिहिते. तू चुकलीस. काळजीने चुकलीस, पण चुकलीस. माझी गोष्ट मी सांगायची होती. तेवढं एकच काम मला चांगलं येतं.

नीना


कार्डिफ
२ ऑगस्ट

प्रिय नीनाआजी,

हो. मी बाबाला पाच जुलैलाच फोन केला, तुला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायच्या आधी. तुझी शपथ नऊ तारखेची होती. उशिरा आली असं म्हणून मी सुटू शकते, पण सुटायचं नाही. मी तुला विचारायच्या आधी तुझ्याबद्दल ठरवलं. सॉरी हा शब्द खूप छोटा आहे.

एक सांगते. मंगळवारी मिस्टर प्रिचर्ड उभे राहिले आणि मी म्हणाले, "प्लीज सिट डाऊन." ते म्हणाले, "लव्ह, आय वॉज अ माइनर फॉर थर्टी इयर्स. आय हॅव डन माय सिटिंग." तीस वर्षं खाणीत बसूनच कोळसा फोडला होता त्यांनी. आणि मला तू दिसलीस. मी पेशंटच्या चार्टवर रोज लिहिते, "फॉल्स रिस्क", पडायचा धोका. कधीच लिहीत नाही की खुर्चीत बसवून ठेवण्याची पण एक रिस्क असते. मग मी त्यांना बसवलं नाही. त्यांचा हात धरला आणि आम्ही खिडकीपर्यंत गेलो. मला सीनियरने झापलं. चालेल.

म्हणून आता मी तुला बस म्हणणार नाही. काम सांगते. एक, रोज एक पान मोठ्या अक्षरात लिही. तुला विचित्र वाटेल इतकं मोठं. दोन, रोज दहा मिनिटं ओरड. खरंच, ही एक्सरसाइज आहे. मॅगीला आधी सांगून ठेव. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पाय चिकटला की ढकलू नकोस. थांब, आणि ताल ऐक. ताल असला की पाय सुटतो. हे जादू नाही, मी रोज बघते. तू झांजेच्या तालावर मोठी झालीस, तुझ्या पायाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती, कारण ती थॉरची शेवटची आहे. शेवटच्या युद्धात तो सापच त्याच्यासमोर येतो, ज्याचा त्याने एक पाय उचलला होता. थॉर त्याला मारतो. पण सापाचं विष त्याच्या अंगात गेलेलं असतं. तो वळतो, नऊ पावलं चालतो आणि पडतो. नऊ. साप मेल्यावर कशाला चालला, कुठे चालला होता, कुठेच लिहिलेलं नाही.

तू रागावलेली राहा. पण मला पत्र लिही.

कस्तुरी


ईलिंग
१२ ऑगस्ट

कस्तुरी,

हे अक्षर बघ. शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं वाटतंय आणि एका पानात काही मावत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

ओरडते रोज. पहिल्या दिवशी मॅगी धावत आली. दुसऱ्या दिवशी तीही ओरडायला बसली. तिला बरं वाटतं म्हणाली, नवऱ्याचं नाव घेऊन ओरडते.

यशोधनला मी कळवलंय की सत्कार स्वीकारते. आवाज इतका गोड काढला की त्याला संशय यायला हवा होता. आला नाही. त्याने कार्यक्रमपत्रिका पाठवली आहे. आधी मानपत्राचं वाचन, मग शाल, श्रीफळ आणि हार, आणि त्याखाली "सत्कारमूर्तींचे मनोगत, पाच मिनिटे". मी फक्त एवढंच सांगितलं की हार मोठा आण, झेंडूचा, गळ्यात घालायचा. हातात द्यायचा नाही.

तू ये. कपाटातली अण्णांची झांज काढून ठेवली आहे. साकेतलाही सांगितलंय, तोच तो नागपूरचा सॉफ्टवेअरवाला, माझ्या कीर्तनात पेटी वाजवतो. त्या दिवशी त्याची पेटी "चुकून" स्टेजवर राहणार आहे.

गोळीची वेळ साडेपाच. कार्यक्रम सहाला. तू माझ्या मागे उजव्या बाजूला उभं राहायचं, अण्णांच्या मागे मी उभी राहायचे तिथे. माझ्याकडे बघायचं नाही. माझ्या पायांकडे बघायचं. आणि काहीही झालं तरी मला धरायला यायचं नाही. हे तुला जमणार नसेल तर येऊच नकोस.

राग गेलाय असं नाही. राग कामाला लावलाय.

नीनाआजी


कार्डिफ
१ सप्टेंबर

प्रिय नीनाआजी,

तू समोरून सगळं बघितलंस. मी मागून काय बघितलं ते लिहिते, कारण ते फक्त मला माहीत आहे.

यशोधनकाकांनी मानपत्र वाचलं. "तीस वर्षं अखंड सेवा" ही ओळ त्यांनी कागदाकडे न बघता तुझ्याकडे बघून म्हटली, ते वाईट नाहीत. मग शाल, नारळ, आणि तो झेंडूचा हार. बाबाने तुला खुर्चीत बसवायला हात पुढे केला. तू त्याच्या हातात नारळ दिलास. आणि माइकसमोर जाऊन म्हणालीस, "मंडळी, कीर्तनात कीर्तनकाराला हार कधी घालतात?" मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "पूर्वरंग संपल्यावर." तू म्हणालीस, "बरोबर. यशोधनने आत्ता वाचला तो माझा पूर्वरंग. तीस वर्षांचा. आणि अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने हार घातला. आता आख्यान पूर्ण केल्याशिवाय गादीवरून उतरायची सोय नाही. मी काय करू?"

आजी, लोक इतके हसले की यशोधनकाकांना पण हसावं लागलं. साकेतने सूर धरला. सिया आणि गँग डान्सच्या ड्रेसमध्येच स्टेजच्या कडेला येऊन बसली. एकही फोन नव्हता. मी मोजलं.

बकरे झाले, नवरीचा शालू झाला, पेला झाला, मांजर झालं. तुझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जात होता. मग म्हातारी आली. तू थॉर झालीस आणि म्हातारी पण तूच झालीस. "ये की," म्हातारी होऊन तू म्हणालीस, "किती आले आणि किती झोपले!" मग वळताना तुझी उजवी टाच चिकटली. मी बघितलं. तुझं शरीर पुढे गेलं आणि पाय मागे राहिला, आणि तू खाली आलीस. एका गुडघ्यावर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं काय अॅक्टिंग. बाबा नारळ घेऊन अर्धा उठला होता. मी पाच वर्षं हेच काम करते, माझ्या अंगातला प्रत्येक मसल म्हणत होता, धाव. तू मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलंस. मग मी धावले नाही. मी झांज वाजवली. एक, दोन, एक, दोन. हळू, वॉर्डमध्ये पेशंटसाठी टाळी वाजवतो तशी नाही, लहानपणी तू शिकवलीस तशी. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग तुझा हात गुडघ्यावर आला, आणि तू उठलीस. आणि म्हणालीस, "एकच गुडघा टेकला हो. मोजून घ्या."

शेवटी साप मेला आणि तू नऊ पावलं चाललीस. सगळा हॉल मोठ्याने मोजत होता, सियाचा आवाज सगळ्यात पुढे. नऊ झाली आणि मी झांज थांबवली, कारण गोष्ट तिथे संपते. थॉर तिथे पडतो. आणि तू आणखी एक पाऊल टाकलंस. झांज नाही, मोजणारं कुणी नाही. नुसतं टाकलंस, आणि मग वाकून गणपतीला नमस्कार केलास.

दोन प्रश्न आहेत. गुडघा तू टेकवलास की खरंच पडलीस? बाबा अजून म्हणतो, अॅक्टिंग होती. मी त्याला काही सांगितलं नाही, या वेळी आधी तुला विचारते. आणि दहावं पाऊल कशाला?

तुझी,
कस्तुरी


ईलिंग
गुरुवार, ४ सप्टेंबर

कस्तुरी,

अक्षर मोठं आहे, तीन कागद लागले. उपास सोडून लिहायला बसले आहे.

विनयला खरं काय ते मीच सांगितलं, काल. पडलेच होते. तो रडला, मग चिडला, मग म्हणाला, "बॉक्सरूमचं मी पुन्हा नाही काढणार." चहा करून घेतला आणि गेला. यशोधनचा फोन आला होता. म्हणाला, नीनाताई, पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत कीर्तन घालतो, पण खुर्ची जवळ ठेवू का? मी म्हटलं, ठेव, त्यावर मॅगी बसेल.

खाली होते तेव्हा मला फार भीती वाटली. तुला लिहायला हरकत नाही. पाय माझा राहिला नव्हता. हॉल टाळ्या वाजवत होता आणि मला एकच दिसत होतं, दुसरा गुडघाही खाली जायला निघालाय. तेवढ्यात अण्णांची झांज ऐकू आली. तू फार हळू वाजवलीस, त्यांनी कान धरला असता. पण त्या तालावर मी सात वर्षांची असल्यापासून उभी राहत आलेय, तेव्हा पायाला मला विचारायची गरज पडली नाही.

पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितलंय आणि त्या राक्षसांच्या राजानेही सांगितलंय, त्या म्हातारीपुढे आजवर कुणी टिकलेलं नाही. ठीक आहे. तिने यावं. मी दार लावून बसणार नाही, आणि आयती आडवीही होणार नाही. तिला झगडावं लागेल माझ्याशी, ईलिंगच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत.

सिया दारात आली होती. म्हणाली, "आजी, आय नो हू विन्स." कोण, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दहावं पाऊल कशाला, विचारतेस. नऊ त्याची होती. आणि तू झांज थांबवलीस, तेव्हा मला बघायचं होतं की तालाशिवाय एक तरी पडतंय का. पडलं. पुढच्या गणपतीत अकरावं टाकून बघेन.

झांज तुझ्याकडेच राहू दे. वाजवून झाली की कोरड्या फडक्याने पुसत जा, पितळ आहे, काळं पडतं.

नीनाआजी